उलट्या वेढ्यांची मूठ

माझ्या धाकट्या जावेला आमच्या वस्तीतील सर्व लोक घडीबाई म्हणतात. हे नाव तिला माझ्या सासूबाईंनी दिले आणि ते काही कौतुकाने दिलेले नव्हते. ती लग्न होऊन आली त्या वेळी आमचे सगळे घर कचऱ्याच्या डेपोवर काम करीत असे. शहराचा कचरा गाड्यांतून येऊन तेथे ओतला जाई, आणि त्यातून पिशव्या, पुडे, बाटल्या, पत्रा असा विकण्याजोगा माल वेचून काढणे हा आमचा धंदा होता. आम्ही बाकीच्या जणी पिशव्या मुठीत चुरगाळून पोत्यात कोंबत असू. ही मात्र प्रत्येक पिशवी झटकी, मांडीवर सपाट करी, तिची उभी चौपदरी घडी घाली आणि मगच पोत्यात ठेवी.

"अगं, कचरा आहे तो, लग्नातलं कापड नाही," सासूबाई म्हणाल्या.

"घडी घातली की पोत्यात जास्त मावतं, आत्याबाई."

"मग एक घडी तोंडाचीही घाल. घरात शांतता जास्त मावेल."

सगळ्या जणी हसल्या. तीही हसली. घडी घालणे मात्र तिने सोडले नाही, आणि थोड्या दिवसांनी सासूबाई स्वतःही, कोणी पाहत नाही असे बघून, घड्या घालू लागल्या.

ती डावखुरी आहे, हेही येथेच सांगितले पाहिजे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

डेपोवर वेचणाऱ्या प्रत्येकाजवळ एक लोखंडी आकडा असतो. सळईचे एक टोक वाकवायचे, त्याने कचरा उकरायचा, आणि दुसरे टोक हातात धरायचे. दिवसभर सळई धरून तळहाताची सालटी निघतात, म्हणून लोक त्या टोकाला चिंध्या गुंडाळतात. चिंधी भिजते आणि कुजते. घडीबाईने आपल्या नवऱ्यासाठी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांसाठी, पावाच्या पिवळ्या पिशव्यांच्या पट्ट्या कापल्या, त्यांच्या घड्या घातल्या, आणि एकात एक अडकवून मोज्यासारखी घट्ट मूठ विणली. ती सळईवर चढवली की हलत नसे. उजव्या हाताने विणणाऱ्याचे वेढे एका बाजूला जातात. हिचे वेढे बरोबर उलट्या बाजूला गेले.

भाऊजींनी तो आकडा वर धरून सर्वांना दाखवला. "बायको उलटी, तिचे वेढेही उलटे! पण हाताला एवढं सुख दुसऱ्या कशानं नाही."

"हरवली तरी लांबून ओळखू येईल," ती म्हणाली.

"मूठ की मी?"

"दोन्ही."

आमच्यापैकी कोणालाही तेव्हा लिहितावाचता येत नव्हते. साल सांगायचे झाले तर आम्ही ते वेष्टनांवरून सांगत असू. दुधाच्या पिशवीवर पूर्वी निळी पट्टी असे, नंतर ती लाल झाली. साबणाची वडी पूर्वी कागदात येई, नंतर चकचकीत वेष्टनात येऊ लागली. कंपनीने रंग बदलला की आमचे साल बदलले. घडीबाईची मुलगी कागदी साबण संपला त्या साली जन्मली. माझे यजमान निळी पट्टी चालू असताना वारले. वेचणाऱ्यांचे आणखी एक गणित होते. कचऱ्याचा डोंगर जितका खाली, तितका जुना. वरच्या थरात कालचे आणि त्याखाली परवाचे. सर्वांत तळाशी आमच्या सासऱ्यांचे तारुण्य पुरलेले आहे, असे भाऊजी म्हणत. हे गणित चुकल्याचे आम्ही कधी पाहिले नव्हते.

भाऊजी गेले ते लाल पट्टी नुकतीच सुरू झाली होती तेव्हा. ते कसे गेले हे आता लिहिते. डोंगर फार उंच झाला होता, आणि तरीही गाड्या वरच ओतत होत्या. एका सकाळी त्याची रस्त्याकडची बाजू सुटली. आवाज फारसा झाला नाही. भरलेले मोठे पोते भिंतीवरून घसरावे, एवढाच झाला. आम्ही दोघी पलीकडच्या उतारावर होतो आणि भाऊजी पायथ्याशी होते. धूळ बसली तेव्हा पायथा दिसत नव्हता आणि त्यापुढचा रस्ताही दिसत नव्हता.

यंत्रे आली, शोध सुरू झाला. आमची वस्ती धोक्याच्या हद्दीत येते म्हणून आम्हाला तेथून उठवून लांबच्या एका शाळेत नेऊन ठेवले. काही दिवसांनी तेथे एक साहेब आले. ढीग अजून सरकतो आहे, मेलेल्यासाठी जिवंतांना आत घालता येणार नाही, शोध थांबवावा लागत आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांचे डोळे जागरणाने सुजले होते. त्यांना दोष देण्यासारखे काही असते तर घडीबाई बोलली असती.

आम्ही वस्तीत परत आलो तेव्हा रस्ता मोकळा झाला होता आणि पायथ्याला पत्र्याचे कुंपण घातले होते. भाऊजी कुंपणाच्या आत, जेथे उभे होते तेथेच आहेत, असे घडीबाईने धरले. आम्हीही तसेच धरले. ती रोज कामावर जाताना त्या पत्र्याजवळ घटकाभर थांबे.

"घरी कधी घटकाभर टेकले नाहीत हे," ती मला म्हणे, "आता बघा, जाऊबाई, कसे बसलेत एका जागी."

मी हसावे की काय करावे, हे मला कळत नसे. तिच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती तिने मला एकदाच बोलून दाखवली. "माणूस राहिला नसेल, ते मला कळतं. पण मूठ राहिली असेल. प्लास्टिक आहे ते, कुजत नाही. ती एकदा हातात आली की मी म्हणेन, आले हे घरी." यापेक्षा अधिक तिने कोणाकडे काही मागितले नाही.

पुष्कळ वर्षे गेली. माझ्या पुतणीचे लग्न झाले, मी प्रौढांच्या वर्गात जाऊ लागले, दुधाच्या पिशवीची पट्टी लाल होती ती हिरवी झाली. मग सरकारचे नवे धोरण आले. ते समजावून सांगण्यासाठी एक अधिकारी आले आणि त्यांनी वस्तीतील सर्वांना सभागृहात बोलावले. धोरणात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की, जुना डोंगर खणून, चाळून काढायचा आणि त्याखालची जमीन मोकळी करायची. दुसरी अशी की, ज्या कंपनीने जेवढे वेष्टन बाजारात आणले, तेवढे तिने परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची. जुन्या डोंगरातून जे वेष्टन निघेल, तेही कंपन्यांनी उचलायचे आणि आपल्या नावावर लावून घ्यायचे.

"म्हणजे बिस्किटवाला आता रिकामा पुडा मागायला दारात येणार?" मागून कोणीतरी विचारले.

"आला तर चहा पाज," दुसरा म्हणाला. "बिस्किट तो आणेलच."

अधिकारीही हसले. तेवढ्यात घडीबाई उभी राहिली.

"साहेब, पिशवीला मालक मिळाला, चांगलं झालं. त्या ढिगात माझा माणूस आहे. त्याला कोण परत नेणार?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "काही सापडलं तर काम थांबवून पोलिसांना कळवायचं, असा नियम आहे, बाई."

"काही म्हणजे काय?"

"म्हणजे... शरीराचा काही भाग."

"आणि वस्तू?"

त्यांनी समोरची पाने मागेपुढे केली. त्यांनी मनापासून शोधले, हे मी पाहिले आहे. "वस्तूंबद्दल यात काही म्हटलेलं नाही," ते म्हणाले.

काम सुरू झाले. खोदाईचे यंत्र डोंगर उकरी आणि घराएवढ्या फिरत्या चाळणीत टाकी. माती खाली पडे, दगड एकीकडे जात, लोखंड चुंबक ओढून घेई, आणि पिशव्या, पुडे, चिंध्या अशा हलक्या वस्तू दाबयंत्रात जाऊन त्यांचे तारांनी आवळलेले गठ्ठे बनत. ठेकेदाराचा मुकादम गळ्यात शिट्टी घालून दिवसभर फिरत असे. घडीबाई त्याच्याकडे गेली.

"पायथ्याशी दुधाची लाल पट्टीची पिशवी निघायला लागली की मला हाक मारा."

"मावशी, मला पट्टीचं काय कळतंय? मी फक्त चहा पितो."

"मग त्यातलं दूध कुठून येतं?"

"बायको आणते."

"तर तिला विचारा आणि मला हाक मारा."

तो हसला. पण कशासाठी हे त्याला कळले तेव्हा त्याने शिट्टी खिशात टाकली आणि शब्द दिला की, पायथ्याचे काम निघेल त्या दिवशी तो तिला स्वतः बोलावून उभी करील.

खोदाई माथ्यापासून सुरू झाली. आम्ही दोघी तेव्हा नव्या शेडमध्ये घरोघरचा सुका कचरा निवडण्याच्या कामावर लागलो होतो. मी तिला म्हटले, एकदा वर जाऊन बघू या. ती म्हणाली, "वरचं ते कालचं. त्यात काय बघायचं?" माझे मतही तेच होते. त्यामुळे मी पुन्हा म्हटले नाही.

पायथ्याची पाळी आली तेव्हा मुकादमाने खरोखरच बोलावले. ती डोक्याला रुमाल बांधून पत्र्यापाशी उभी राहू लागली, आणि माझे काम आटोपले की मीही जात असे. यंत्राचा प्रत्येक घास ती डोळ्यांखालून घाली. निळी पट्टी निघाली. कागदी साबण निघाला. त्याखाली काचेच्या बाटल्या, चिंध्या, राख निघाली. ज्या सालांत आम्ही दोघी लग्न होऊन आलोही नव्हतो, ती साले निघाली. लाल पट्टी निघाली नाही.

तिची मुलगी एकदा तिला जेवायला न्यायला आली आणि चिडून म्हणाली, "आई, तू बाबांना शोधतेस की पिशव्यांना?"

"पिशव्या दिसतात गं," ती म्हणाली. "जे दिसतं ते शोधते."

मग एका दुपारी यंत्रवाल्याने यंत्र थांबवले आणि खाली वाकून सांगितले, "मावशी, जमीन लागली."

"लाल पट्टी?"

"मला नाही दिसली. तुम्हीच तर बघत होता."

ती कुंपणाच्या आत गेली. खाली काळी, ओलसर जमीन होती. आमच्या आयुष्यात ती जमीन आम्ही कधी पाहिली नव्हती. तिने पायातली चप्पल काढली, थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली.

फाटकावरचा म्हातारा राखणदार तेथे बसलेला होता. डोंगर घसरला त्या वेळीही तो याच फाटकावर होता. घडीबाई त्याच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "सगळं निघालं. हे निघाले नाहीत."

"खाली कुठून निघतील?" तो म्हणाला. "रस्ता मोकळा करायचा म्हणून घसरलेलं सगळं गाड्यांत भरून वर नेऊन ओतलं होतं की. पायथ्याचं पार खरवडून नेलं."

"वर?"

"वर. दुसरी जागा कुठे होती? तुम्ही सगळे तेव्हा शाळेत होता."

"आणि तू इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे." म्हातारा कावराबावरा झाला होता. "कचरा कुठून कुठे जातो, ते मी तुम्हाला सांगायचं?"

त्याचे बोलणे बरोबर होते. ज्यांचा जन्म कचरा कुठे जातो हे बघण्यात गेला, त्या आमच्यापैकी एकालाही रस्त्यावरचा तो कचरा कुठे गेला, हे विचारण्याचे सुचले नव्हते. जितके खाली तितके जुने, हे आमचे गणित आम्ही इतके पक्के धरले होते. भाऊजी माथ्यावर होते. ज्याला आम्ही कालचे म्हणून सोडून दिले, त्यात ते होते, आणि ते सर्व पहिल्याप्रथम चाळून झाले होते.

माथ्याची माती एका नव्या रस्त्याच्या भरावाला गेली होती. लोखंड भट्टीवाल्याने नेले होते. गठ्ठे मात्र शेडच्या मागे भिंतीसारखे रचलेले होते, कारण कंपनीच्या गाड्या अजून आल्या नव्हत्या. आम्ही दोघी तिकडे गेलो. गठ्ठ्यातून दुधाच्या पिशवीचे एक टोक बाहेर आले होते. धुळीने त्याचा रंग ओळखू येत नव्हता. मी ते पदराने पुसले. पिशवीवर बारीक अक्षरांत महिना आणि साल छापलेले असते. वर्गात मी अंक वाचायला शिकले होते. मी ते वाचले आणि पुन्हा एकदा वाचून पाहिले.

"काय म्हणतं?" तिने विचारले.

"भाऊजींचं साल."

वाचता येऊ लागल्याचा मला नेहमी आनंद होतो. त्या वेळी झाला नाही.

आम्ही एकेक गठ्ठा पाहत गेलो. कोपऱ्यातल्या एका गठ्ठ्यात, दोन तारांच्या मध्ये, पिवळे काहीतरी दिसले. ती मूठ होती. चुंबकाने सळई ओढून नेली असावी आणि मूठ मोज्यासारखी निसटून मागे राहिली असावी. दाबयंत्राने ती चपटी झाली होती. तिचे फक्त टोक बाहेर होते, बाकीची आत होती. घडीबाईने नखांनी ओढून पाहिले. तिचे नख तुटले, मूठ हलली नाही.

"तुम्ही हात लावा, जाऊबाई. मला नीट दिसत नाहीये. वेढे कुठल्या बाजूला जातात?"

मी बोट फिरवले. "उलटे," मी म्हणाले.

ती तशीच गठ्ठ्याला कपाळ टेकून उभी राहिली. मी जाऊन मुकादमाला घेऊन आले. त्याने पाहिले आणि टोपी काढली.

"एक तार तोडा," ती म्हणाली.

"मावशी, एक तार तोडली की गठ्ठा फुटतो. याचं वजन झालंय, वर शिक्का लागलाय. हा आता साबणाच्या कंपनीच्या नावावर गेला. माझा नाही, डेपोचाही नाही."

"साबणाचं त्यांनी न्यावं. हे साबणाचं नाही."

"मला कळतंय."

"वजन कमी भरेल अशी भीती असेल तर माझ्या चपला घाला त्यात."

मुकादमाने तेथूनच डेपोच्या साहेबांना फोन लावला. साहेब बैठकीत होते. त्याने पुन्हा लावला. शेवटी तो म्हणाला, "उद्या सकाळी साहेब इथे येणारच आहेत. त्यांच्यासमोर मी स्वतः तार तोडतो. तोवर हा गठ्ठा इथून हलणार नाही. माझा शब्द आहे." त्याचा शब्द खोटा नव्हता. पायथ्याच्या वेळीही त्याने तो पाळला होता.

सगळे गठ्ठे एकसारखे दिसतात. सकाळी शोधावा लागू नये म्हणून घडीबाईने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्या गठ्ठ्याच्या तारेला बांधला. निघताना तिने गठ्ठ्यावर एकदा थाप मारली. घरी येईपर्यंत ती भराभर चालत होती. "कोनाड्यात ठेवीन," ती म्हणाली. "नाहीतर उशाशी. काय म्हणता?" मी म्हटले, कोनाड्यात ठेव.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा शेडच्या मागची जागा मोकळी होती. गठ्ठे होते तेथे जमिनीवर फिकट चौकोन उमटलेले होते. कंपनीच्या गाड्या इतके दिवस आल्या नाहीत, त्या नेमक्या उजाडताना आल्या. मुकादमाची पाळी तोवर सुरू झालेली नव्हती. हमालांना कोणी काही सांगितलेले नव्हते, कारण गाड्या येतील असे कोणालाच वाटले नव्हते.

मुकादम आला, त्याने ती जागा पाहिली, आणि फाटकापर्यंत पळत जाऊन रिकाम्या रस्त्यावर शिट्टी वाजवली. मग त्याने गाडीवाल्याला फोन लावला. तो उचलेना. मुकादम लावत राहिला. साहेब आले, त्यांनीही लावला. आम्ही फाटकाजवळच्या दगडावर बसून राहिलो. दुपारी कधीतरी फोन उचलला गेला. मुकादम दोन शब्द बोलला आणि ऐकत राहिला. कंपनीने ते गठ्ठे जाळण्यासाठी सिमेंटच्या भट्टीवर पाठवले होते. तेथे त्या दिवशी रांग नव्हती. गाड्या सरळ आत जाऊन रिकाम्या झाल्या होत्या.

सरकारचा नियम वाईट होता, असे मी म्हणणार नाही. डोंगर गेला, आणि तो जायला हवा होता, नाहीतर तो आणखी कोणावर पडला असता. वेष्टन ज्याचे त्याने न्यावे, हेही न्यायाचेच आहे. मुकादम, साहेब, राखणदार यांपैकी कोणालाही मी दोष देऊ शकत नाही. मी पुष्कळ विचार केला, पण दोष कोठे ठेवावा, ती जागा मला सापडलेली नाही.

आम्ही उठलो तेव्हा एक हमाल शेडमधून लगबगीने आला. तो आम्हाला ओळखत नव्हता, पण कोणीतरी त्याला सांगितले असावे की रुमाल या बाईचा आहे. त्याने तो दोन्ही हातांनी पुढे केला. चांगली चौपदरी घडी घातलेला होता.

"मावशी, हा तुमचा ना? गठ्ठ्याला अडकला होता. तसाच गाडीत गेला असता. म्हटलं, चांगला रुमाल आहे, कोणाचा तरी जीव असेल त्यात. सोडवून, झटकून, घडी घालून ठेवला."

मुकादमाने मान खाली घातली. मला वाटले, आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरे झाले असते. तिने डावा हात पुढे करून रुमाल घेतला. त्या माणसाच्या तोंडाकडे तिने थोडा वेळ पाहिले. तो मोठ्या आशेने उभा होता.

"बरं केलंस, बाबा," ती म्हणाली.

तो रुमाल तिच्या कोनाड्यात आहे. डोक्याला ती आता दुसरा बांधते. त्या हमालाने घातलेली घडी तिने अजून मोडलेली नाही.